सायकलसाठी हब मोटर निवडताना: वॉटच्या आधी फेरे पाहा

सोलापुरात जुन्या सायकलला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी विजेची मोटर, बसवून घ्यायला निघालेला माणूस बहुधा पहिल्यांदा ‘किती वॉटची?’ असे विचारतो. या प्रश्नाच्या उत्तरातून दोन मोटरींमधला फरक फारसा कळत नाही. मोटरवर २५० वॉट छापलेले असले, तरी तिला ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी पेटी, जोडला की चढावर ती बॅटरीतून ५४० वॉटपर्यंत वीज ओढू शकते. छापील आकड्यावरून फार तर मोटर प्रमाणाबाहेर न तापता सतत किती काम करील, याचा अंदाज येतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो आकडा महत्त्वाचा आहे, कारण पाव किलोवॉटची शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग या मर्यादांपलीकडे गेलेली सायकल नोंदणी आणि परवान्याच्या कक्षेत येते.

म्हणून आधी मोटरचे मिनिटाला किती फेरे होतात ते विचारावे, आणि ते किती व्होल्टवर मोजलेले आहेत हेही विचारावे. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर असतो, म्हणजे ताशी २५ किलोमीटरला त्याचे मिनिटाला सुमारे २०० फेरे होतात. २८ इंची काळ्या सायकलचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असल्याने तिथे १८५ फेऱ्यांतच तो वेग येतो. तीच मोटर मोठ्या चाकात जास्त वेग देते, पण तिची ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी होते. चढावर दमणारी मोटर पुष्कळदा कमी वॉटची नसते. ती चाकाच्या मानाने जास्त फेऱ्यांची असते. ३६ व्होल्टची मोटर ४८ व्होल्टवर चालवल्यास जमिनीवरून उचललेल्या मोकळ्या चाकाचे फेरे सुमारे एक तृतीयांशाने वाढतात, हेही तुलना करताना लक्षात ठेवावे.

आपल्याला किती शक्ती लागते, याचा हिशेब करून पाहावा. माणूस, सायकल आणि सामान मिळून ११० किलो वजन धरले, तर सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी २० किलोमीटरला साधारण १२० वॉट पुरतात. तोच वेग उड्डाणपुलाच्या तीन टक्के चढावर टिकवायचा, तर ३०० वॉट लागतात. सोलापूर बव्हंशी सपाट आहे, त्यामुळे हा प्रसंग थोडा वेळच येतो आणि तेवढ्या वेळापुरती पॅडलची जोड देता येते.

हब मोटर दोन प्रकारची असते. गिअरच्या मोटरमध्ये आतला भाग चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरतो आणि छोट्या दातेरी चाकांमधून, जी पुष्कळदा नायलॉनची असतात, शक्ती मोटरच्या बाहेरच्या डब्याला, म्हणजे चाकाला, मिळते. ही मोटर हलकी असते, थांबून निघताना जोर देते आणि तिच्यात फ्रीव्हील, म्हणजे मोटर थांबली तरी चाक मोकळे फिरू देणारी सोय, असल्याने बॅटरी संपली तरी सायकल सहज पॅडल मारत नेता येते. बिनगिअरच्या मोटरमध्ये चुंबके थेट डब्याच्या आत चिकटवलेली असतात. ती जड असते, पण झिजणारे दाते नसल्याने आवाज कमी करते. ब्रेक दाबल्यावर थोडी वीज परत देण्याची सोय तिच्यात करता येते. सपाट गावात या गुणासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. दुकानात चाक हाताने फिरवूनच ओळख पटते: बिनगिअरचे चाक दोन्ही दिशांना किंचित अडखळत फिरते, तर गिअरचे पुढे मोकळे आणि मागे जड लागते.

इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा उष्णतेचा विचार टाळता येत नाही. गिअरच्या मोटरमधली वेटोळी बाहेरच्या डब्यापासून जास्त अलग असल्याने तिची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. बिनगिअरची मोटर धातूच्या जास्त वजनामुळे उशिरा तापते, मात्र जड ओझे घेऊन सावकाश चालवल्यास तीही तापतेच. चादरींचे गठ्ठे घेऊन पेठेत थांबत-थांबत फिरणाऱ्याला मी कमी फेऱ्यांची गिअरची मोटर सुचवीन; होटगी रस्त्याने रोज लांब अंतर एकाच वेगाने कापणाऱ्याने बिनगिअरची घ्यायला हरकत नाही.

मोटर पसंत पडली, तरी चिमट्याचे, म्हणजे चौकटीच्या ज्या दोन टोकांमध्ये चाकाचा एक्सल बसतो त्यांच्यातल्या अंतराचे, माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पुढच्या मोटरी साधारणपणे १०० मिलिमीटर आणि मागच्या १३५ मिलिमीटर अंतरासाठी बनतात. जुन्या काळ्या सायकलचा मागचा चिमटा यापेक्षा अरुंद असतो. पोलादी चिमटा थोडा रुंद करता येतो, अ‍ॅल्युमिनियमचा मात्र ताणू नये.

टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू नये म्हणून चौकटीला बांधायची पोलादी पट्टी, किमतीत धरलेली आहे का हेही विचारावे. मी बसवलेल्या पहिल्या मोटरला ती लावली नव्हती. नट पान्याने घट्ट आवळल्यावर काम झाले, असे मी समजलो. सात रस्त्यावर सिग्नल सुटताच पूर्ण थ्रॉटल दिला आणि चाकाऐवजी एक्सलच खाचेत फिरला. चिमट्याच्या खाचेची कड पत्र्यासारखी वर उचलली गेली होती, आणि एक्सलमधून बाहेर येणारी वायर त्याच्याभोवती दोन वेढे घेऊन मुळाशी तुटली होती. मोटर शाबूत होती, पण ती उघडून आठही तारा नव्याने जोडाव्या लागल्या.