जुनी इलेक्ट्रिक गिटार बघायला निघण्याआधी

नागपुरात सदरमध्ये कुणाच्या काकांची फेंडर विकायची आहे, कामठीत एक जुनी गिब्सन निघाली आहे, असा निरोप आला की लगेच गाडी काढू नका. आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: मॉडेल कोणतं, साल कोणतं सांगता, आणि पिकगार्ड (तारांखालची, आतल्या वायरिंगवरची प्लेट) उघडून बघू देणार का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तरी जाऊन वाजवून या, पण बयाणा देऊ नका. जुन्या गिटारचा खरा पुरावा आतच असतो.

साल कळलं की त्या एका सालापुरतं एक पान तयार करा. सगळ्या कंपनीचा इतिहास पाठ करायची गरज नाही. समजा मालक म्हणतो, 1974 ची स्ट्रॅटोकॅस्टर (फेंडरचं मॉडेल, थोडक्यात स्ट्रॅट) आहे. मग पानावर हे हवं: नेक (गिटारचा दांडा) तीन बोल्टवर बसवलेली, डोक्याकडे ट्रस रॉडचं (नेकमधल्या धातूच्या सळईचं) बुलेटसारखं टोक, मागच्या प्लेटवर मोठा ‘एफ’ आणि तिथेच सीरियल नंबर. नंबर डोक्यावर यायला लागले ते 1976 पासून. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चुंबकाची कॉइल, निवडायचा स्विच तीन जागांचा. पाच जागांचा स्विच कारखान्यातून यायला लागला 1977 मध्ये. रंग जाड पॉलिएस्टरचा, कारण फेंडरने 1968 च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज लॅकर सोडून बॉडीला पॉलिएस्टर द्यायला सुरुवात केली. अशा सहा-सात खुणा हाताशी असल्या की समोरची गिटार आपल्या सालाशी जुळते का, हे दहा मिनिटांत कळायला लागतं.

त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूला दोन रकाने आखा: ‘बदललेलं’ आणि ‘खोटं’. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे तर फारच. 1991 च्या आधी परदेशी पार्ट मिळणं इतकं अवघड होतं, की ऑर्केस्ट्रातला वादक रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळेल तो पॉट (आवाजाच्या नॉबखालचा पार्ट), मिळेल तो जॅक लावून रात्रीचा कार्यक्रम उभा करायचा. तशी गिटार लबाड नसते, तिची किंमत फक्त त्या हिशोबाने धरायची. 1974 च्या स्ट्रॅटला पाच जागांचा स्विच दिसला तर तो पहिल्या रकान्यात, कारण तो बदल हजारो वादकांनी सोयीसाठी केला. पण कारागिराने नवा पार्ट मुद्दाम घासून, गंज चढवून जुना भासवला असेल, किंवा एका कंपनीच्या नेकवर दुसरीचं नाव चिकटवलं असेल, तर ते दुसऱ्या रकान्यात. तिथे एक जरी नोंद पडली, तर बाकी सगळ्याकडे दुप्पट संशयाने बघा.

पिशवीत काय घ्यायचं? सराफ वापरतात तसं दहा पटीचं भिंग. नोटा तपासायला दुकानदार ठेवतात तो यूव्ही टॉर्च. मल्टिमीटर, जॅकला लावायला एक गिटार केबल, स्टीलची पट्टी, मऊ कापड, आणि स्क्रू ठेवायला खण असलेली छोटी डबी. पेचकस नीट बसेल असाच घ्या; साठ वर्षांच्या स्क्रूची खाच तुमच्या हातून चेपली तर ती गिटारची नवी जखम. मोबाइल पूर्ण चार्ज केलेला हवा, कारण प्रत्येक पायरीचा फोटो लागणार आहे.

वेळ सकाळची ठरवा. रंग बघायला खिडकीतला उजेड लागतो आणि यूव्हीसाठी एखादी अंधारी खोली. मे महिन्यात दुपारी बारानंतर तर जाऊच नका. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून आलेली गिटार एकदम एसीच्या खोलीत नेली तर जुन्या लॅकरला नवे तडे जाऊ शकतात, आणि मग जुने कोणते, नवे कोणते याचा वाद तुमच्याच गळ्यात. घरात कूलर चालू असेल तर नेक किती वाकली आहे यावरून घाईने मत बनवू नका. दमट हवेत लाकूड फुगतं.

आधी बाहेरून बघा, काहीही न उघडता. दिवा बंद करून यूव्ही टॉर्च फिरवा. जुनं नायट्रो लॅकर पिवळसर-हिरवट उजळतं. नंतर मारलेला रंग त्याच्या शेजारी गडद ठिपक्यासारखा वेगळा पडतो. डोकं आणि नेक जिथे मिळतात तिथे जास्त वेळ थांबा, गिब्सनमध्ये तर नक्कीच. तिचं डोकं मागे तिरपं असतं आणि ट्रस रॉडच्या नटसाठी तिथलंच लाकूड कोरलेलं असतं, त्यामुळे पडली की नेमकी तिथेच मोडते. चांगली जोडलेली नेक उत्तम वाजते, पण किंमत मोठ्या फरकाने खाली येते, आणि जोड लपवण्यासाठी मारलेला रंग यूव्हीखाली बहुधा उघडा पडतो.

मग झीज बघा. खरी झीज वाजवणाऱ्याच्या शरीराने केलेली असते: उजव्या हाताचा कोपर टेकतो तिथे, मागे पट्ट्याचं बकल लागतं तिथे, नेकच्या मागे अंगठा सरकतो तिथे. बॉडीवर रंग उडालेला आणि फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मात्र कोरे असतील, तर फ्रेट बदलले का ते विचारा. गिब्सनच्या बाइंडिंगला (नेकच्या कडेच्या पट्टीला) प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी बारीक उंचवटा असतो. फ्रेट बदलताना तो सहसा घासला जातो, म्हणून ‘फ्रेट ओरिजिनल’ असं सांगितलं की भिंग तिथेच लावा. तडेसुद्धा भिंगाखाली बोलतात: वयाने गेलेले वेडेवाकडे धावतात, ब्लेडने मारलेले सरळ आणि एकसारखे अंतर राखून. आणि 1972 च्या स्ट्रॅटच्या बॉडीभर लॅकरसारखे बारीक तडे दिसले तर थबका, जाड पॉलिएस्टर तसं तडकत नाही.

आता पिकगार्ड. तारा सैल करायची परवानगी घ्या, स्क्रू ज्या भोकातले त्याच क्रमाने डबीत ठेवा आणि पहिला फोटो काहीही हलवण्याआधी काढा. पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे कोरलेले असतात. समजा 1377412 असं आहे: 137 म्हणजे सीटीएस ही कंपनी, 74 साल, 12 वा आठवडा. 304 असेल तर स्टॅकपोल. हा आकडा गिटारचा वाढदिवस सांगत नाही. त्याआधी ही वायरिंग झालेली असू शकत नाही, एवढंच सांगतो. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढे काही वर्षं वापरला, म्हणून 1968 च्या गिटारमध्ये 66 चे पॉट दिसले तर काहीच बिघडलं नाही. पण 1965 म्हणून सांगितलेल्या गिटारमध्ये 71 चा पॉट निघाला, तर एक तर पॉट नंतरचा आहे नाहीतर साल खोटं.

कोणतं खरं हे सोल्डरवरून कळतं, म्हणून इथे भिंग घेऊन निवांत बसा. कारखान्याचं सोल्डर एकदाच वितळलेलं असतं, वर्षांनुवर्षांनी राखाडी, मंद झालेलं, वर धुळीचा सलग थर. पुन्हा तापवलेलं सोल्डर चमकतं, शेजारी चिकट तपकिरी फ्लक्स राहतो, वायरचं आवरण टोकाला आक्रसलेलं दिसतं. तीन पॉटपैकी दोघांचं सोल्डर मंद, एकाचं चकचकीत, असं दिसलं की बदललेला पार्ट सापडला. साठच्या दशकातल्या फेंडरमध्ये कापडी आवरणाची वायर असायची. सगळी प्लॅस्टिकची दिसली तर पूर्ण वायरिंग नवी असण्याची शक्यता मोठी. लाकडातल्या खाचाही बघा. कधीकाळी हंबकर (दोन कॉइलचा रुंद पिकअप) बसवायला कोणी खाच रुंद केली असेल तर वरचा पिकगार्ड परत जुना लावला तरी खालचं कोरं लाकूड गप्प बसत नाही.

मल्टिमीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच एकेका पिकअपवर आणा. जुन्या स्ट्रॅटचे पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतात, गिब्सनचे 1957 ते 1962 च्या सुमाराचे पीएएफ नावाचे हंबकर साधारण सात ते नऊ. आता नागपूरकरांनी लक्षात ठेवायची गोष्ट: तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्क्यांनी वाढतो. परदेशी वादकांनी दिलेले आकडे वीसेक अंशांच्या खोलीतले असतात. तीच गिटार चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या घरात पडून असेल, तर सहा किलोओहमचा पिकअप साडेसहाच्या आसपास दाखवेल. एवढ्यावरून ‘कॉइल पुन्हा भरून घेतली आहे’ असा आरोप करू नका. पण आकडा एकदम शंभर-दोनशे किलोओहमच्याही वर गेला, म्हणजे फक्त व्हॉल्यूमचा पॉटच मोजला जातोय, तर कॉइलची वायर बहुधा तुटली आहे, आणि मग कॉइल भरण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

गिब्सनचा सीरियल नंबर एकटा कधीच मानू नका, साठच्या दशकात तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले गेले. ट्रस रॉडवरच्या घंटेच्या आकाराच्या कव्हरला दोन स्क्रू असतात. तीन दिसले तर बहुधा ती गिब्सन नाही. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलची नेक चिकटवलेली असते. सत्तरच्या दशकातल्या काही जपानी नकलांची ती बोल्टवर होती, त्यामुळे डोक्यावर गिब्सन आणि मागे चार बोल्ट म्हणजे कोणीतरी नाव बदललं आहे. वाईट याचं वाटतं की त्या जपानी गिटार स्वतःच्या नावाने उत्तम असतात. सत्तरच्या मध्यानंतरच्या आयबनेझ या जपानी कंपनीच्या गिटारचा नंबर तर सरळ वाचता येतो: एफ 77 म्हणजे जून 1977. अशी गिटार तिच्या खऱ्या नावाने, खऱ्या भावात मिळत असेल तर बिनधास्त घ्या.

सौदा ठरला तर पावतीवर मॉडेल, नंबर, पॉटवरचे आकडे आणि बदललेल्या प्रत्येक पार्टचं नाव लिहून मालकाची सही घ्या. काढून ठेवलेले जुने पार्ट घरात आहेत का, हेही तेव्हाच विचारा. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी जुना स्विच, मूळ ट्यूनर, तुटलेला पिकअप एखाद्या बिस्किटाच्या डब्यात निघतो, आणि पैसे मोजून झाल्यावर तो शोधायला कोणी माळ्यावर चढत नाही.