न्यूरोस्पोराच्या तंतूतला प्रवाह बघताना या चुका टाळा

बुरशी वाढलेल्या आगरचा तुकडा कापायचा, उलटा करून कव्हरस्लिपवर ठेवायचा आणि लगेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. न्यूरोस्पोरा क्रासा या केशरी बुरशीच्या बहुतेक स्लाइड इथेच वाया जातात. तंतूतल्या पेशीद्रवाचा प्रवाह दिसत नाही म्हणून स्ट्रेन (बुरशीचा वाण) बदलतात, माध्यम नव्याने करतात, तापमान वर-खाली करून बघतात. आठवडा जातो आणि प्रवाह काही दिसत नाही, कारण घोटाळा ब्लेडपाशी झालेला असतो.

तंतूत आडवे पडदे असतात आणि पडद्याच्या मधोमध जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचं छिद्र. त्यातून पेशीद्रव वाहतं, केंद्रकंसुद्धा दबून, लांबट होऊन पलीकडे जातात. हे सगळं दाबाच्या फरकावर चालतं. तंतू कापला की पेशीद्रव जखमेकडे धावतं आणि त्याच ओढीने वोरोनिन बॉडी नावाचा कण जवळच्या छिद्रावर येऊन अडकतो. काही सेकंदांचं काम. पेरॉक्सिसोमपासून (पेशीतल्या एका बारीक पिशवीपासून) तयार झालेल्या या कणाच्या पोटात हेक्स-1 प्रथिनाचा घट्ट स्फटिक असतो. कण छिद्राहून मोठा, म्हणून बूच पक्कं बसतं आणि प्रवाह थांबतो.

तुकडा दीड सेंटिमीटर चौरस घ्या. वाढती कडा मधोमध येऊ द्या, मागचा काप तिच्यापासून जमेल तितका लांब. तुकडा एकदाच ठेवा. सरकवू नका, दाबू नका. मग 15 मिनिटं थांबा. त्यानंतरही आधी टोक बघा: दोन मिनिटांत ते पुढे सरकलं तरच मोजायला बसा. ज्यांना ही 15 मिनिटं जड जातात, त्यांच्या आकड्यांवर विसंबू नये.

तुकड्याखाली डिस्टिल्ड वॉटर घालू नका. पाणी आत शिरतं, टोकं फुटतात आणि मागची छिद्रं बंद होतात. थेंब व्होगेल माध्यमाचाच (न्यूरोस्पोरा वाढवायच्या नेहमीच्या द्रावाचाच) हवा, आगरशिवाय, साखर प्लेटमध्ये होती तेवढीच.

दुसरी हट्टी चूक म्हणजे प्रवाह थांबला की छिद्र बंद झालं असं लिहून टाकणं. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला तर उघड्या छिद्रातूनही काही वाहत नाही. 100एक्स भिंगाखाली पडदा नीट फोकस करा. छिद्रावर चकाकणारा कण बसला असेल तर ते बूच. कण नाही म्हणून छिद्र उघडंच, असंही धरू नका, दुसरी प्रथिनंही ते अडवतात. पेशीद्रवात जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेला स्ट्रेन घ्या, दोन पडद्यांमधल्या एका कप्प्यातली चमक लेझरने विझवा आणि शेजारून ती परत येते का बघा. सोबत हेक्स-1 नसलेला म्यूटंट ठेवाच. कापल्यावर त्यातून पेशीद्रव गळत राहतं.

सगळे कण एकाच दिशेने जात असतील तरच त्याला प्रवाह म्हणा. एकेकटे उलटसुलट पळणारे कण मायक्रोट्यूब्यूलवरून, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्यांवरून, ओढले जात असतात.

एफएम4-64 हा रंग पेशीतली पटलं रंगवतो, त्यावरून पेशीद्रवाचा वेग काढू नका.

यीस्ट किंवा म्यूकर या बुरशींमध्ये वोरोनिन बॉडी शोधण्यात वेळ घालवू नका, ती तिथे नसते.

आणि प्लेट पंख्याखाली उघडू नका. न्यूरोस्पोराची केशरी भुकटी (बीजाणू) एकदा उडाली की शेजारच्या सगळ्या प्लेट हातच्या जातात.