एक्सएमएल कॉलममधून हव्या त्या ओळी कशा काढाव्यात

चाकणच्या एखाद्या कारखान्यात पुरवठादारांची बिलं एक्सएमएलमध्ये (टॅगांमध्ये गुंफलेल्या मजकुरात) येतात आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एका कॉलममध्ये जशीच्या तशी साठवली जातात असं धरू. टेबलात एका ओळीला एक बिल, बिलात मात्र अनेक वस्तू. रिपोर्टला प्रत्येक वस्तूची स्वतंत्र ओळ हवी. (टॅगांची नावं इथे सोयीसाठी मराठीत देतोय.)

आधी कॉलमचा प्रकार बघा. तो एनव्हारकॅर (साध्या मजकुराचा प्रकार) असेल तर एक्सएमएलमध्ये कास्ट करावा, म्हणजे बदलून घ्यावा लागतो. मजकुराच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची घोषणा असेल तर तिथेच एन्कोडिंगची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) एरर येते, कारण एनव्हारकॅर हा यूटीएफ-१६ असतो. घोषणा काढून टाका, मग कास्ट करा.

आता खरं काम. बिलात वारंवार येणारा टॅग कोणता, ते आधी ठरवा. इथे तो /बिल/वस्तू. हा पाथ (टॅगापर्यंतचा रस्ता) नोड्स मेथडला द्या, ती असा प्रत्येक टॅग वेगळा करते, आणि क्रॉस अप्लायने टेबलाशी जोडा, की वस्तूगणिक एक ओळ मिळते. एकही वस्तू नसलेलं बिल यात गळतं. तेही हवं असेल तर आउटर अप्लाय वापरा.

पुढे प्रत्येक ओळीतून व्हॅल्यू मेथडने नग, दर वगैरे काढा. पाथ असा लिहा: (नग/text())[1]. शेवटचा [1] गाळला तर एकच किंमत मिळेल याची खात्री नाही म्हणून सर्व्हर क्वेरीच नाकारतो. सगळ्यात फसवी चूक म्हणजे इथे पुन्हा मुळापासून पाथ लिहिणं: (/बिल/वस्तू/नग)[1]. एरर येत नाही, पण त्या बिलाच्या प्रत्येक ओळीत पहिल्याच वस्तूचे नग दिसतात. बेरीज चुकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पाथ नेहमी चालू नोडपासूनच (त्या ओळीच्या वस्तू टॅगपासून) लिहा.

१,२५,००० अशी रक्कम थेट डेसिमलमध्ये घेऊ नका. आधी मजकूर म्हणून घ्या, स्वल्पविराम काढा, मग बदला. ०५/०३/२०२४ सारखी तारीखही मजकूर म्हणून घ्या आणि कन्व्हर्टला स्टाइल १०३ द्या, नाहीतर सर्व्हरच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे ५ मार्चचा ३ मे होऊ शकतो.

क्वेरी चालते पण एकही ओळ येत नाही? बहुतेक वेळा नेमस्पेस (टॅगांच्या नावांना जोडलेली ओळख) राहिलेला असतो. मूळ टॅगवर एक्सएमएलएनएस दिसला तर विथ एक्सएमएलनेमस्पेसेस क्वेरीच्या आधी लिहा, आणि त्याच्या आधीचं स्टेटमेंट अर्धविरामाने संपवा. टॅगमधली कॅपिटल-स्मॉल अक्षरंही तंतोतंत जुळायला हवीत. डेटाबेसचं कोलेशन (अक्षरं कशी जुळवायची याची सेटिंग) इथे मदतीला येत नाही.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच काम एक्सएमएलटेबल करतो (आवृत्ती १० पासून): ओळीचा पाथ एकदा, मग कॉलमांचे पाथ. वाचायला तो जास्त सुटसुटीत.

वेग कमी पडला तर व्हेअरमध्ये (ओळी गाळायच्या अटीत) व्हॅल्यूऐवजी एक्झिस्ट ही मेथड वापरून बघा. शोध वेगवान करणाऱ्या प्रायमरी एक्सएमएल इंडेक्ससाठी टेबलावर क्लस्टर्ड प्रायमरी की लागते, आणि तो जागाही भरपूर खातो. बिल क्रमांकासारखी रोज शोधायची गोष्ट मात्र डेटा भरतानाच साध्या कॉलममध्ये काढून त्यावर नेहमीचा इंडेक्स लावा.