परसातील कोंबड्या: थंडीत अंडी हवीत तर आधी उजेड बघा

दिवाळी सरली की रोज सहा-सात अंडी देणारे दहा कोंबड्यांचे खुराडे एक-दोन अंड्यांवर येते. मग घरोघरी एकच उपाय होतो, चारही बाजूंनी पोती लावून खुराडे गच्च बंद करायचे. त्याने अंडी परत येत नाहीत, उलट कोंबड्या शिंकायला लागतात. आपल्याकडच्या थंडीत धडधाकट कोंबडीचे अंडे सहसा बंद पडत नाही. ते बंद पडते दिवस लहान झाल्यामुळे.

उजेड डोळ्यांतून आणि कवटीच्या पातळ हाडातून कोंबडीच्या मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यावरून तिच्या अंडाशयाला काम सुरू ठेवायचा किंवा थांबवायचा निरोप जातो. नियमित अंड्यासाठी रोज साधारण 14 तास उजेड लागतो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, नागपूरकडे त्याहूनही थोडा लहान. ही तीन तासांची तूट भरून काढली की अर्धे काम झाले.

दहा-पंधरा कोंबड्यांच्या खुराड्याला पिवळसर उजेडाचा 5 ते 9 वॅटचा एक एलईडी बल्ब पुरतो. तो बसायच्या दांडीच्या वर पाच-सहा फुटांवर, खाद्य-पाण्याची भांडी दिसतील असा टांगा. वाढीव उजेड पहाटे द्या. संध्याकाळी दिला आणि बल्ब एकदम विझला तर कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही, त्या जमिनीवरच गोळा होऊन बसतात. सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून करा आणि दर आठवड्याला अर्धा तास वाढवत पहाटे चारपर्यंत या. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर धीर धरा. रात्रभर दिवा ठेवू नका, कोंबडीलाही अंधार आणि झोप लागते. अंधार पडताच आपोआप लागणारे सौरदिवे म्हणूनच इथे कामाचे नाहीत.

सगळ्यात मोठी चूक होते ती खंडाची. चार दिवस बल्ब, मग आठवडाभर भारनियमन, असे झाले की कोंबडी पिसे टाकायला लागते, अंडी थांबतात आणि दोन-तीन महिने गेले. टायमर आणि बॅटरीची सोय होत नसेल तर वाढीव उजेडाच्या भानगडीत न पडलेले बरे. मार्चमध्येही बल्ब एकाएकी काढू नका, आठवड्याला पंधरा मिनिटे कमी करत जा.

बल्ब लावण्याआधी एकेक कोंबडी हातात घेऊन पाहा. शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपा. मध्ये दोन-तीन बोटे बसत असतील, तुरा लालभडक आणि गुदद्वार ओलसर असेल, तर ती अंड्यावर आहे. एकच बोट बसते, तुरा फिका आणि आक्रसलेला, तर नाही. मानेवर-पाठीवर नवी पिसे खुंटासारखी फुटत असतील तर ती पिसे टाकते आहे. तिला अंड्यासाठी घाई करू नका, दोन-तीन महिने लागणारच. वर्षाआतल्या तलंगा, म्हणजे नुकत्याच अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या, मात्र पहिल्या हिवाळ्यात बहुधा पिसे टाकत नाहीत. म्हणून थंडीत अंडी हवी असतील तर पिल्ले मे-जूनमध्ये आणावीत. ग्रामप्रिया, गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जातींच्या तलंगा साडेपाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतात, गावरान त्यानंतर. गावरान कोंबडीकडून वर्षाला 60 ते 80 अंड्यांपलीकडे अपेक्षाच ठेवू नये, आणि ती खुडूक बसली असेल तर बल्बचा काही उपयोग नाही. अंडी उबवायची नसतील तर तिला खाली फळ्यांच्या फटी असलेल्या पिंजऱ्यात, खाद्य-पाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवा. पोटाखाली गारवा लागला की ती उठते.

आता खाद्य. पावसाळ्यात कोंबडी किडे, गांडुळे, कोवळा पाला यांवर प्रथिनांची गरज भागवते. डिसेंबरात रान वाळते. खळ्यावर दाणे मुबलक मिळतात, त्याने कोंबडी लठ्ठ होते पण अंडे देत नाही. दहा किलो मिश्रणाचे प्रमाण असे: मका किंवा ज्वारीचा भरडा 6 किलो, सोयाबीन पेंड 2 किलो, गव्हाचा कोंडा 1 किलो 300 ग्रॅम, कुटलेली सुकट 500 ग्रॅम, खनिज मिश्रण 200 ग्रॅम. यात सुमारे 18 टक्के प्रथिने येतात. सुकट खारी असेल तर धुऊन वाळवून घ्या आणि वेगळे मीठ घालू नका. बांधून ठेवलेल्या कोंबडीला रोज 110 ते 130 ग्रॅम, मोकळ्या फिरणारीला 50-60 ग्रॅम, त्यातले बरेचसे संध्याकाळी.

घरचे सोयाबीन कच्चे भरडून घालू नका. त्यातल्या घटकांमुळे प्रथिने पचत नाहीत, नीट भाजूनच वापरा. सरकी पेंड टाळा, साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. आणि नुकताच काढलेला खरीप मका दाताखाली कडक मोडेपर्यंत वाळवल्याशिवाय पोत्यात भरू नका. ओलसर मक्यातली बुरशी यकृत बिघडवते आणि अंडी घटण्याचे कारण महिनाभर कळतही नाही.

एका कवचात जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच मुख्यतः रात्री तयार होते. म्हणून शिंपल्याचा जाडसर चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल. मेथी, लसूणघास, शेवग्याचा पाला रोज मूठभर. पाणी पहाटे बल्ब लागताना कोमट द्या. गार पाणी कोंबडी कमी पिते, पाणी कमी तर खाणे कमी, आणि खाणे कमी तर अंडे नाही.

पोती लावायची ती कशी, ते महत्त्वाचे आहे. निफाड, धुळे, गोंदियासारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात वाऱ्याच्या बाजूने पडदा हवाच, पण तो खालून वर बांधा आणि छपराखाली फूटभर फट मोकळी ठेवा. विष्ठेतून निघणारा अमोनिया तिथून बाहेर पडतो. सकाळी खुराड्यात वाकून पाहताना तुमच्या डोळ्यांना झोंबले तर कोंबड्यांनी रात्रभर तेच सोसले आहे. खाली भाताचे तूस चार ते सहा इंच पसरा, आठवड्यातून दोनदा हलवा, ओला भाग काढून टाका. कोकणात पडद्याची गरज क्वचितच लागते.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस थंडीआधीच झालेली हवी. तलंगांना 8 ते 10 आठवड्यांत आर-टू-बी लस टोचतात. ऐन अंड्यावरच्या कोंबडीला ती देऊ नये. तिच्यासाठी याच रोगाची लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून, पण नळाच्या क्लोरीनच्या पाण्यातून नाही. जंताचे औषध देताना अंडी किती दिवस खायची नाहीत हे पशुवैद्यकांना विचारून घ्या.

बर्ड फ्लूचा धोका याच महिन्यांत अधिक असतो. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला आणि 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात तो आढळला होता. एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका, विकू नका, उघड्या हाताने हाताळू नका. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि पशुवैद्यक येईपर्यंत उरलेल्या कोंबड्या बाहेर सोडू नका.