सोलापुरात नवीन आलात? गच्चीवरच्या स्मोकरवर कोळशाचं भाजणं

आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, एक काळं लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं आहे. एका कुशीला थोडी खाली बसवलेली चौकोनी भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराडं. टेक्सासात काही वर्षं राहून परतलेल्या एका शेजाऱ्यांनी ते इथल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं आणि पुण्याला जाताना सगळ्यांसाठी ठेवून गेले. ऑफसेट स्मोकर तो हाच. इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "यावर नुसतं कोळशावर भाजता येतं का हो?"

येतं, आणि छान येतं. मी २००७ साली राजापूरहून सोलापुरात आले. मासा नाही, समुद्र नाही, नळाला पाणी रोज नाही. पहिले काही महिने जीव रमत नव्हता. गच्चीवरच्या त्या निखाऱ्यांभोवती मला इथली माणसं भेटली. म्हणून नव्याने आलेल्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या यंत्राचं मूळ काम समजून घ्या. विस्तव बाजूच्या भट्टीत, मांस पिंपात. मधल्या भोकातून धूर आणि ऊब पिंपात शिरते, मांसावरून जाते आणि धुराड्यातून बाहेर पडते. पिंपात ११० ते १२० अंश सेल्सियस राखायचं आणि मोठा तुकडा दहा-बारा तास शिजू द्यायचा. तेवढा वेळ धुराजवळ बसणं आणि तेवढा वेळ शेजाऱ्यांच्या खिडक्यांत धूर सोडणं, दोन्ही आपल्याला परवडणारं नाही. आपल्याला भाजायचं असतं ते वांगं, मक्याचं कणीस, मटणाची शीक, मासा. यांना खालून थेट, कडक आच लागते, तीही पंधरा-वीस मिनिटंच.

दोन-चार माणसांपुरतं असेल तर पिंपाला हातच लावू नका. भट्टीचं झाकण वरून उघडत असेल तर निखारे भट्टीत आणि जाळी भट्टीवर, झालं काम. कोळसाही कमी लागतो.

माणसं जास्त असली की निखारे पिंपात न्यावे लागतात, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पिंपाचा तळ जाळीपासून वीतभर खाली असतो. तळाशी कोळसा ओतला तर आच वर पोचेपर्यंत निम्मी होते. चिकन तासभर पांढरंफटक राहतं आणि आतून कोरडं पडतं. शिवाय राख साचली की कोळशाला खालून हवा मिळत नाही आणि तो गुदमरतो. यावर उपाय म्हणजे पिंपात दोन विटा ठेवायच्या, त्यांवर जाड सळईची दुसरी जाळी आणि तिच्यावर कोळसा. कोळसा आणि वरची जाळी यांत चार-पाच बोटं अंतर पुरे.

कोळसा सगळीकडे सारखा पसरू नका. भट्टीकडच्या अर्ध्या भागात ढीग करा, धुराड्याकडचा अर्धा भाग रिकामा ठेवा. रंग आला की पदार्थ रिकाम्या बाजूला सरकवायचा आणि झाकण लावून आतून शिजू द्यायचा. चिकनची तंगडी अशीच करावी, नाहीतर वरून करपते आणि हाडाशी लाल राहते. भट्टीत विस्तव नसला तरी तिचं दार पूर्ण उघडं हवं, कारण पिंपाला हवा तिथूनच मिळते. झाकण उघडं ठेवलं की निखारे भडकतात, लावलं की शांत होतात. झाकणावरच्या तापमापीवर विसंबू नका, ती वरची हवा मोजते. तळवा जाळीच्या वर चार-पाच बोटांवर धरा. दोन-तीन सेकंदांत हात काढावासा वाटला तर आच कडक, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम.

एक गोष्ट मात्र मनावर घ्याच. पिंपाच्या तळाला आधीच्या वेळची चरबी साचलेली असते. पहिल्याच वर्षी मी ती न खरवडता वर कोळसा ठेवला होता. दहा मिनिटांत जाळीखालून हातभर ज्वाळा उठल्या आणि शेजारच्या दोरीवरची चादर थोडक्यात वाचली. झाकण लावलं, भट्टीचं दार आणि धुराडं बंद केलं, तेव्हा कुठे आग बसली. त्या आगीवर पाणी ओतू नका, पेटलेली चरबी उडते. तेव्हापासून आधी उलथन्याने तळ खरवडते, मगच काडी लावते.

नवीन पिंप करून घेणार असाल तर फॅब्रिकेशनवाल्याला साधा काळा पत्रा वापरायला सांगा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो.

आता कोळसा. दगडी कोळसा अन्नाला चालत नाही, लाकडाचाच हवा. वखारीत लोणारी कोळसा म्हणून मागा. आपल्याकडे माळरानावर, ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ रोज दिसेल. तिचं मूळ अमेरिकेतलं, आणि टेक्सासात ज्या मेस्किटच्या लाकडावर मांस भाजतात त्याच कुळातली ती. आमचे शेजारी तिचा कोळसा पहिल्यांदा पेटला तेव्हा वास घेऊन गप्पच बसले होते, त्यांना ह्यूस्टनचं अंगण आठवलं. हा कोळसा कडक जळतो पण तडतडतो, ठिणग्या उडतात; सुती कपडे घाला. पेटवायला रॉकेल नको, अन्नाला वास लागतो. तेलाच्या रिकाम्या डब्याचा तळ कापा, खालच्या बाजूला भोकं पाडा, खाली कागद आणि वर कोळसा. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशावरही पांढरी राख धरली की डबा सांडशीने वर उचला, निखारे खाली मोकळे होतात.

मासा इथे मिळत नाही असं मी म्हणायचे. उजनीची चिलापी खाल्ल्यावर ते म्हणणं सोडलं. मासा पुसून अगदी कोरडा करा, दोन्ही अंगांना तिरक्या चिरा, त्यांत मीठ, लसूण आणि इथलं काळं तिखट चोळा. जाळी आधी चांगली तापू द्या. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि जाळीवरून फिरवा, चर्र आवाज आला पाहिजे. मासा ठेवला की पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. खालची कातडी भाजून कुरकुरीत झाली की ती आपण होऊन जाळी सोडते. उलथनं घातल्यावर अडकली तर अजून मिनिटभर थांबा. ओढलात तर कातडी जाळीवर राहील आणि मासा तुटेल. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

हुरडा मात्र यावर भाजू नका. ज्वारीची कोवळी कणसं शेतातल्या आगटीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतच भाजावीत आणि तिथेच हातावर चोळून खावीत. थंडीत कुणी शेतावर बोलावलं तर नक्की जा.

शेजाराबद्दल. इथे एकाच जिन्यात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू ऐकू येतं. कुणी "काय बे" म्हणालं तर रागावू नका, ती जवळीक आहे. लिंगायत आणि जैन घरं शाकाहारी, म्हणून आमच्याकडे दोन जाळ्या आहेत. वांगी, कणसं, पनीर आधी वेगळ्या जाळीवर होतं, त्यांची ताटं भरली की मग दुसरी जाळी चढते. श्रावणात आणि सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आम्ही गच्चीवर मांस नेत नाही. उन्हाळ्यात गच्ची पापड-कुरडयांची, विचारल्याशिवाय काडी लावू नका. एप्रिल-मेमध्ये तर सूर्य मावळल्यावरच वर जा, दिवसा पारा चाळिशीच्या पुढे असतो. आणि पाऊस आला म्हणून पेटता कोळसा जिन्यात किंवा बंद बाल्कनीत आणू नका. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आवरताना सगळी दारं लावून निखारे विझू द्या. राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हात घालून गार लागली तरच पत्र्याच्या बादलीत काढा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा जिवंत असतो आणि प्लास्टिकच्या कचरापेटीला भोक पाडतो. जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशने घासा, निसटलेली तार राहिली नाही ना ते बघा आणि कागदाने पुसून ठेवा. जाळी धुवायची ती नळाला पाणी येईल त्या दिवशी.