दुरुस्तीला दिलेली वस्तू न्यायला कुणी येत नाही? दुकानदाराने काय करावं

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एखाद्या रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देण्याच्या) दुकानात मागच्या भिंतीकडे बघा. चिठ्ठी उडालेल्या दोन-चार मोटरी, एखादा पंखा, भांडं नसलेला मिक्सर ठरलेला. गिऱ्हाईक "उद्या येतो की" म्हणून गेलेलं असतं आणि तो उद्या काही उगवत नाही. जागा अडते, पैसे अडकतात, मग शेजारचा सांगतो, "घाल जा भंगारात." तेवढं करू नका.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ठरलेलं काम अंगमेहनत किंवा कसब लावून पूर्ण केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क दुकानदाराला आहे. पण अडवणं वेगळं, विकणं वेगळं. गहाण ठेवून घेणाऱ्याला पुरेशी आगाऊ सूचना देऊन वस्तू विकता येते (कलम १७६). दुरुस्ती करणाऱ्याला कायद्याने ती मुभा दिलेली नाही. वर्षं उलटली म्हणून वस्तू आपोआप दुकानाची होत नाही. परस्पर विकलीत तर भरपाई मागितली जाईल, आणि हेतू अप्रामाणिक दिसला तर फौजदारी न्यासभंगाची, म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे लाटल्याची (भारतीय न्याय संहिता, कलम ३१६) तक्रारही होऊ शकते.

पहिलं काम: वस्तू घेतानाच लिहा

खरं तर सगळं इथंच ठरतं. पावतीवर नाव, गाव, मोबाईल, वस्तूचा मेक आणि सीरियल नंबर, आधीच असलेली मोडतोड, अंदाजे खर्च आणि तयार होण्याची तारीख लिहा. मोटर असेल तर जळालेलं तांबं कुणाचं तेही लिहा. ते मुळात गिऱ्हाइकाचं असतं, आणि तांब्याचा भाव बघता वाद तिथूनच पेटतो. खाली मराठीत अट टाका: कळवल्यानंतर अमुक दिवसांत वस्तू नेली नाही तर रोज इतकी ठेवणावळ (वस्तू सांभाळण्याचं भाडं); त्यानंतर लेखी सूचना देऊन वस्तू विकायला माझी संमती आहे, मजुरी वजा जाता उरलेली रक्कम मला मिळावी. त्याखाली सही घ्या. "३० दिवसांनंतर दुकान जबाबदार नाही" हा भिंतीवरचा बोर्ड एवढं काम करत नाही. ठेवणावळही आधी ठरलेली नसेल तर आयत्या वेळी बिलात घुसडता येत नाही.

उधारीचं बोलताना जपून

हा मुद्दा आपल्याकडे फार लागू पडतो. करवीर-कागलचा शेतकरी म्हणतो, "मोटर द्या, ऊसबिल आलं की देतो," आणि आपण मान डोलावतो. कलम १७० मध्येच शिंप्याचं उदाहरण आहे: कोट शिवून झाला की लगेच देतो आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत, असं शिंप्यानं कबूल केलं, तर पैशासाठी त्याला कोट अडवता येत नाही. मोटरीचंही तसंच. शिवाय एकदा मोटर हातातून गेली की अडवण्याचा हक्कही गेला; उरते ती नुसती वसुली.

पडून आहे तोवर सांभाळा

स्वतःची वस्तू शहाणा माणूस जशी जपेल तशी (कलम १५१). २०१९ चा महापूर बघितलेल्या शहरात तळमजल्यावर, जमिनीलगत दुसऱ्याच्या मोटरी ठेवून "पूर आला, मी काय करू" म्हणणं पटवायला जड जाईल. फळीवर चढवा. गिऱ्हाइकाची गाडी स्वतःच्या कामाला फिरवू नका.

मग कळवा, पुराव्यानिशी

आधी फोन, त्यानंतर वस्तूच्या फोटोसह व्हॉट्सॲप. उत्तर नाही आलं तर पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्ट. मजकूर साधा ठेवा: पावती नंबर, काम कधी पूर्ण झालं, येणं किती, कोणत्या तारखेपर्यंत न्यावं, न नेल्यास पावतीवरच्या अटीप्रमाणे काय करणार. धमकीची भाषा नको. प्रत फाईलला लावा.

तरीही कुणी आलं नाही तर

पावतीवर सहीची संमती असेल तर दोन-तीन ठिकाणचे भाव लिहून घ्या, रास्त दराने विका, बिल ठेवा आणि उरलेले पैसे गिऱ्हाइकाच्या नावे बाजूला काढा. संमती नसेल तर ती आता मागा. "दुरुस्तीचे ९०० झालेत, नेणार की भंगारात देऊ?" याला व्हॉट्सॲपवर आलेलं "द्या" हा चांगला पुरावा आहे. तेही नाही आणि रक्कम मोठी असेल, तर दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा. मुदत साधारण काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षं. चारशे रुपयांच्या मिक्सरसाठी कोर्टाची पायरी कुणी चढणार नाही. तो माळ्यावर टाकावा हेच स्वस्त.

गाडीचं वेगळं. मालकाच्या सहीशिवाय आरटीओत नाव बदलत नाही, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. मोबाईलमधला डेटा उघडू नका. आणि माणूस, पत्ता, नंबर सगळंच खोटं निघालं तर वस्तू चोरीची असू शकते: जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.