कोचला नारळ देताना या चुका टाळा

२२ मार्च २०१३. ऑस्टिनमध्ये एनसीएए स्पर्धेत, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत, मिनेसोटा विद्यापीठानं लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला ८३-६३ असं लोळवलं. दोनच दिवसांत यूसीएलएनं आपले कोच बेन हाउलंड यांना नारळ दिला. त्याच दिवशी मिनेसोटा फ्लोरिडाकडून हरलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही आपले कोच टबी स्मिथ यांना घरी पाठवलं. म्हणजे एकाच सामन्यातला हरलेला कोच गेला आणि जिंकलेलाही गेला.

अमेरिकेत एमएसला जाऊन तिथलेच झालेले आणि दर मार्चमध्ये आपल्या कॉलेजच्या टीमवर जीव टाकणारे मराठी लोक मला कमी माहीत नाहीत. टीम हरली की त्यांचा पहिला मेसेज एकच असतो, ‘काढा याला!’ काढायला हरकत नाही. कधीकधी काढायलाच हवं. पण ज्यांच्याकडे सगळं आहे, पैसा, स्टेडियम, इतिहास, तीच कॉलेजं या कामात वारंवार तोंडावर आपटतात.

छताकडे बघून हिशेब करणं

यूसीएलएच्या पॉली पॅव्हिलियन या स्टेडियममध्ये वर बघितलं की विजेतेपदांचे बॅनर दिसतात. तिथले जुने कोच जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा जिंकली. पुढचा प्रत्येक कोच त्या छताखाली उभा राहिला आणि बुटका ठरला. हाउलंड यांनी २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षं टीमला फायनल फोरमध्ये, म्हणजे एनसीएए स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, नेलं होतं. ज्या वर्षी त्यांना काढलं, त्या वर्षी टीमनं पॅक-१२ लीगचं पहिलं स्थान मिळवलं होतं, आणि मिनेसोटाविरुद्ध जॉर्डन ॲडम्स हा महत्त्वाचा खेळाडू पाय मोडून बसला होता. त्याआधीची काही वर्षं खरोखर वाईट गेली होती, हे मान्य. पण ज्या मापानं मोजलं, त्या मापात फक्त वुडनच बसतात.

इंडियानाचं दुखणं हेच. तिथं शेवटचं विजेतेपद १९८७ चं. कोच टॉम क्रीन यांनी २०१३ आणि २०१६ मध्ये बिग टेन ही लीग जिंकली, तरी २०१७ मध्ये त्यांना काढलं. त्यांच्या जागी आलेले आर्ची मिलर चार हंगाम टिकले, एकदाही एनसीएए स्पर्धेत खेळले नाहीत आणि जाताना एक कोटी डॉलरच्या वर बायआउट, म्हणजे करार मुदतीआधी मोडल्याची भरपाई, लागला. तो देणगीदारांच्या खिशातून आला. कोविडचं वर्ष होतं, तरी आला!

पुढचं नाव खिशात नसणं

मला सगळ्यात मोठी वाटते ती ही चूक. हाउलंड यांच्यानंतर आलेल्या स्टीव्ह अल्फर्ड यांना यूसीएलएनं ३१ डिसेंबर २०१८ ला काढलं. भर हंगामात. हेतू चांगला होता, शोधाला वेळ मिळेल. तीन महिने मिळालेही. तरी जॉन कॅलिपारी यांच्याकडे विचारणा झाली आणि ते केंटकीतच राहिले. टीसीयूच्या जेमी डिक्सन यांच्यापर्यंत पोचले, तिथं ऐंशी लाख डॉलरच्या बायआउटवर घोडं पेंड खाऊ लागलं. मग टेनेसीचे रिक बार्न्स. ते यायला जवळजवळ तयार होते, तिथंही बायआउट आडवा आला. हे आकडे गुप्त नसतात. कोचला विचारण्याआधी त्याला सोडवून आणायला किती लागेल ते बघायचं, इतकं साधं काम होतं. शेवटी एप्रिलमध्ये मिक क्रोनिन आले आणि दोनच वर्षांत टीम फायनल फोरला गेली. नशीब म्हणायचं.

आता हे बार्न्स कोण? टेक्सासनं २०१५ मध्ये काढून टाकलेले. सतरा हंगामांत सोळा वेळा एनसीएए स्पर्धा, २००३ ला फायनल फोर. तक्रार अशी, की मार्चमध्ये पुढे जात नाहीत. तक्रार खोटी नव्हती. पण मग आणलेले शाका स्मार्ट सहा वर्षांत तीनदा स्पर्धेत गेले आणि एकही सामना जिंकले नाहीत. एकदा नॉर्दर्न आयोवाच्या खेळाडूनं अर्ध्या कोर्टावरून भिरकावलेला चेंडू शेवटच्या क्षणी बास्केटमध्ये गेला. एकदा ॲबिलीन ख्रिश्चन नावाच्या छोट्या कॉलेजनं एका गुणानं हरवलं. बार्न्स निदान स्पर्धेत सामने जिंकत तरी होते.

करार न वाचणं

कनेक्टिकटच्या केव्हिन ओली यांनी २०१४ ला विजेतेपद मिळवून दिलं. पुढे टीम घसरली, सलग दोन हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. मार्च २०१८ मध्ये त्यांना काढलं, आणि नियमभंगाचं कारण दाखवून उरलेले पैसे द्यायला नकार दिला. कॉलेजचे दोन अंदाज चुकले. ओली प्राध्यापकांच्या संघटनेच्या सामूहिक करारात मोडत होते, त्यामुळे ‘न्याय्य कारण’ सिद्ध करण्याची जबाबदारी कॉलेजवर होती. शिवाय एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची शिक्षा व्हायच्या वर्षभर आधीच त्यांना काढलं होतं. २०२२ मध्ये लवादानं सुमारे १ कोटी ११ लाख डॉलर द्यायला लावले, आणि त्याच वर्षी समझोत्यात आणखी ३९ लाख गेले.

बास्केटबॉलच्या दृष्टीनं मात्र निर्णय अचूक होता. त्यांच्या जागी आलेल्या डॅन हर्ली यांनी २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं आणली. कोच बरोबर निवडला, कागद चुकला.

केंटकीची गंमत वेगळी. बिली गिलिस्पी दोन हंगाम राहिले, पण पूर्ण करारावर सही झालीच नाही, नुसत्या सामंजस्य-पत्रावर काम चाललं होतं. २००९ मध्ये त्यांना काढल्यावर ते पत्र बंधनकारक की नाही यावर कोर्टबाजी झाली आणि जवळजवळ तीस लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. साध्या फ्लॅटचं भाडंही आपण कराराशिवाय घेत नाही.

वेळ

सराव तोंडावर असताना काढलंत तर हाताशी असेल त्या असिस्टंटवर हंगाम काढावा लागतो. २०१७ मध्ये लुईव्हिलनं रिक पिटिनोंना ऑक्टोबरमध्ये काढलं तेव्हा तेच झालं. अर्थात गैरप्रकार उघड झाला असेल तर मुहूर्त बघत बसू नये.

आधीच काढून बसला असाल तर

पहिला फोन खेळाडूंना करा, देणगीदारांना नंतर. कोच गेला की पोरं ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालतात आणि ड्रेसिंग रूम रिकामी होते. २०२४ मध्ये केंटकीत कॅलिपारींना हाकला म्हणून चाहते ओरडत होते. बायआउट तीन कोटी तीस लाखांच्या आसपास, म्हणून कॉलेजनं काढलं नाही. थोड्याच दिवसांत ते स्वतःहून आर्कान्सासला गेले आणि केंटकीची ती रक्कम वाचली. मार्क पोप आले तेव्हा शिष्यवृत्तीवरचा जुना एकही खेळाडू उरला नव्हता. त्यांनी सगळी टीम नव्यानं उभी केली आणि २०२५ ला शेवटच्या सोळांत नेली. म्हणजे रिकामी ड्रेसिंग रूम भरता येते. फक्त हे करणारा माणूस आधी शोधलेला हवा.

आणि काढलेला माणूस पुन्हा समोर येईल हे धरून चाला. २३ मार्च २०२४ ला एनसीएए स्पर्धेत टेनेसीची गाठ टेक्सासशीच पडली. एका बाजूला बार्न्स, दुसऱ्या बाजूला रॉडनी टेरी, जे टेक्सासमध्ये बार्न्सचेच असिस्टंट होते. टेनेसी जिंकलं, ६२-५८. वर्षभरानं टेक्सासनं टेरींनाही काढलं.